मंगळवार पेठेचा ‘ळ’ कोणी अडवला?

१/२५
कोल्हापूरच्या मंगळवार पेठेचे नाव रोमन लिपीत लिहिले की त्यातला ‘ळ’ नाहीसा होतो. उरतो तो ‘मंगलवार’, म्हणजे हिंदीतला वार. ‘ठ’ची तीच गत: ‘पेठ’ वाचावे की ‘पेथ’, हे ती अक्षरे सांगत नाहीत. ‘व’साठी कोणी ‘व्ही’ लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’. कागदी पाकिटावर ही हेळसांड खपते, कारण पोस्टमन माणूस असतो आणि त्याला पेठ ठाऊक असते. ई-मेलच्या पत्त्यात मात्र एक अक्षर चुकले की पत्र परत येते, किंवा भलत्याच्या हाती पडते.

२/२५
मग त्या पेठेतल्या एखाद्या तालमीने, छापखान्याने वा शाळेने आपला ई-मेल पत्ता देवनागरीतच का घेऊ नये? या प्रश्नाला वर्षानुवर्षे एकच ठरीव उत्तर मिळत आले आहे: ‘संगणकाला ते चालत नाही.’ प्रस्तुत धाग्याचे प्रतिपादन असे, की हे उत्तर इतिहासाच्या कसोटीवर खोटे ठरते. संगणकाला देवनागरी चालते. अडथळा आहे तो जुन्या गृहीतकांवर चालणाऱ्या मेल सर्व्हरचा आणि ती गृहीतके न बदलणाऱ्या माणसांचा.

३/२५
आरंभापासून पाहू जाता, १९६३ साली अमेरिकेत ‘ॲस्की’ हे चिन्हमानक ठरले. सात बिट, एकूण १२८ चिन्हे: रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यावयाच्या काही आज्ञा. १९७१ साली रे टॉमलिन्सन याने ‘ॲट’ हे चिन्ह वापरून एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश धाडला. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल याने आरएफसी ८२१ या दस्तऐवजात ‘एसएमटीपी’ म्हणजे टपाल पोहोचवण्याचे नियम लिहिले आणि पत्त्यासाठी तीच सात बिटांची चौकट कायम केली.

४/२५
या मंडळींना दोष देण्याचे कारण नाही. त्यांचे जाळे मुख्यतः अमेरिकी विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांच्यापुरते होते. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस याने डोमेन नावांची व्यवस्था मांडली. तीतही नावांसाठी रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेषा एवढेच रूढ झाले. भारताचे ‘डॉट इन’ १९८९ साली नोंदले गेले. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. भारतीय वापरकर्ता आला तेव्हा घर बांधून झालेले होते आणि दाराची उंची दुसऱ्याच्या मापाची होती.

५/२५
परंतु त्याच काळात दुसरीकडे काय घडत होते, हे सहसा सांगितले जात नाही. १९९१ साली भारतीय मानक १३१९४, म्हणजे ‘इस्की’, प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरी होती. ‘ळ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला: षोडशमान पद्धतीत ०९३३. ‘संगणकाला ळ कळत नाही’ असे म्हणण्याची सोय त्याच वर्षी संपली. सामान्य भारतीय नागरिकापर्यंत इंटरनेट पोहोचण्यापूर्वी ‘ळ’ संगणकात पोहोचला होता.

६/२५
१९९२ साली ‘माइम’ हे मानक आले. त्यामुळे पत्राचा मजकूर, विषयाची ओळ, पाठवणाऱ्याचे दर्शनी नाव हे सारे कोणत्याही लिपीत जाऊ लागले. तेव्हापासून एक विचित्र स्थिती उत्पन्न झाली, ती आजही बहुतांश तशीच आहे. पाकिटाच्या आतले पत्र मराठी, खालची सही मराठी. पाकिटावरचा पत्ता तेवढा रोमन. कागदी टपालात असा नियम कोणी काढला असता तर कोल्हापुरात मोर्चा निघाला असता.

७/२५
मेल सर्व्हरना नव्या गोष्टी शिकवण्याची रीतही जुनीच आहे. दोन सर्व्हर भेटतात तेव्हा पहिला दुसऱ्याला अभिवादन करतो. १९८२ च्या नियमात तो शब्द ‘हेलो’ होता. १९९३ साली ‘एहलो’ हा विस्तारित शब्द आला: त्याच्या उत्तरात समोरचा सर्व्हर आपल्याला काय काय येते याची यादी वाचून दाखवतो. यादीत जे असेल ते वापरावे, नसेल ते टाळावे. जुने मोडू न देता नवे जोडण्याची सोय या व्यवस्थेत तीन दशकांपासून आहे.

८/२५
नव्या डोमेनवर जुनी सॉफ्टवेअरे अडखळल्याची पहिली मोठी घटना देवनागरीमुळे घडलेली नाही. आयकॅन या संस्थेने २००० साली सात नवी डोमेने मंजूर केली. त्यांत ‘डॉट इन्फो’ आणि ‘डॉट म्युझियम’ होती. असंख्य प्रोग्रॅमांत शेवटचा भाग दोन किंवा तीन अक्षरांचाच असतो असे लिहून ठेवलेले होते. परिणामी शुद्ध रोमन, पूर्ण वैध पत्तेदेखील ‘चुकीचा पत्ता’ म्हणून नाकारले जाऊ लागले. दोष लिपीचा असता तर ‘म्युझियम’ का अडले असते?

९/२५
२००३ साली डोमेन नावांसाठी एक युक्ती निघाली: प्युनीकोड. कोणत्याही लिपीतले नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलायचे आणि जुन्या व्यवस्थेला तेच दाखवायचे. ‘भारत’ हे डोमेन आतल्या आत ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असे वावरते. वापरणाऱ्याला ‘भारत’ दिसते, यंत्राला त्याची ओळखीची अक्षरे दिसतात. युक्ती उत्तम होती. तिने ‘ॲट’ चिन्हाच्या उजवीकडचा अर्धा प्रश्न सोडवला.

१०/२५
डावीकडचा अर्धा अवघड होता. टपालाच्या नियमांत एक जुने आणि शहाणे तत्त्व आहे: ‘ॲट’च्या डावीकडच्या नावाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त अंतिम सर्व्हरला आहे. वाटेतल्या कोणी ते बदलू नये, त्याचे भाषांतर वा लिप्यंतर करू नये. त्यामुळे तिथे प्युनीकोडची पळवाट चालत नाही. पाठवणारा, वाटेतला आणि घेणारा अशा प्रत्येक सर्व्हरलाच देवनागरी नाव जसेच्या तसे वाहून नेता आले पाहिजे.

११/२५
यावर काही वर्षे प्रयोग झाले. पुढचा सर्व्हर जुना असेल तर पत्ता रोमनमध्ये ‘उतरवून’ पाठवावा, अशीही योजना करून पाहिली गेली. ती गुंतागुंतीची ठरली आणि सोडून देण्यात आली. फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ६५३० पासूनची मानके प्रसिद्ध झाली. ‘एहलो’च्या यादीत एक शब्द वाढला: ‘एसएमटीपीयूटीएफ८’. समोरच्याने हा शब्द उच्चारला तर देवनागरी पत्त्याचे पत्र पुढे जाते. नाही उच्चारला तर पत्र परत फिरते. मधला मार्ग नाही.

१२/२५
पुढचा घटनाक्रम तारखांनिशी पाहावा. २०१३ च्या ऑक्टोबरात नव्या कार्यक्रमातली पहिली चार डोमेने जाळ्यात आली, आणि चारांपैकी एकही रोमन नव्हते: एक अरबी, दोन सिरिलिक, एक चिनी. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ देवनागरीत खुले झाले, मराठीसह आठ भाषांसाठी. त्याच ऑगस्टमध्ये जीमेलने अन्य लिप्यांतल्या पत्त्यांशी व्यवहार सुरू केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पोस्टफिक्स ३.० आले, मुक्त सॉफ्टवेअर असलेल्या या मेल सर्व्हरने नवे मानक स्वीकारले.

१३/२५
म्हणजे २०१५ च्या आरंभी सर्व सामग्री तयार होती. अक्षराला क्रमांक होता, डोमेन होते, मानक होते, विनामूल्य सर्व्हर होता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हर २०१९ मध्ये अशा पत्त्यांचे टपाल वाहून नेण्याची सोय आली. सेंडमेल या ज्येष्ठ सर्व्हरनेही २०२१ साली ८.१७ आवृत्तीत प्रायोगिक सोय केली. यानंतरही ज्यांनी ‘तंत्रज्ञानाची मर्यादा’ हे कारण पुढे केले, त्यांनी तारखा वाचलेल्या नाहीत किंवा वाचून लपवल्या आहेत.

१४/२५
प्रत्यक्षात अडते कुठे? समजा, पेठेतल्या एका संस्थेने ‘डॉट भारत’ डोमेन घेतले आणि त्यावर मेल सर्व्हर बसवला. टपाल कोणत्या यंत्राकडे द्यावे हे सांगणारी एमएक्स नोंद प्युनीकोड रूपात करावी लागते. ती राहून गेली की पत्र येतच नाही. सर्व्हर नवा, पण पुढ्यात बसवलेला कचरापत्रांचा गाळणारा जुना. मग पत्र गाळणीतच अडते. गाळणी नवी, पण मुख्य सर्व्हर बंद पडल्यास टपाल धरून ठेवणारा राखीव सर्व्हर जुना. मग आणीबाणीच्या दिवशीच पत्रे परतू लागतात. साखळीतली सर्वांत जुनी कडी साऱ्या साखळीचे वय ठरवते.

१५/२५
दुसरी अडचण त्याहून क्षुल्लक, म्हणून त्याहून संतापजनक. बँक, परीक्षा, रेल्वे, सरकारी योजना अशा साऱ्यांच्या अर्जांत ई-मेलचा रकाना असतो, आणि पत्ता ‘बरोबर’ आहे की नाही हे तपासणारी दोन-चार ओळींची आज्ञावली त्यामागे असते. ती बहुधा कुठून तरी उतरवून घेतलेली असते आणि तिला केवळ रोमन अक्षरे ठाऊक असतात. सर्व्हरपर्यंत गोष्ट जातच नाही. उंबरठ्यावरच लाल अक्षरांत सांगितले जाते की तुमचा पत्ता अवैध आहे. वैध पत्त्याला अवैध म्हणण्याचा हा अधिकार कोणत्याही मानकाने दिलेला नाही.

१६/२५
‘सुसंगत नाही’ हा शब्द निसर्गनियमासारखा वापरला जातो. वस्तुतः सुसंगती हा निर्णय असतो. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज २००० हा सर्व्हर विंडोज सर्व्हर २००३ वर बसवण्यास मान्यता नव्हती. कार्यालयांनी काय केले? नवा एक्स्चेंज २००३ घेतला, डोमेनची रचना त्याच्यासाठी तयार केली, टपालपेट्या हलवल्या. खर्च झाला, कामाचे तास गेले, पण कोणी असे म्हटले नाही की आता पत्रव्यवहारच बंद. गरज मान्य असली की अडचण ‘काम’ ठरते. गरज मान्य नसली की तीच अडचण ‘मर्यादा’ ठरते.

१७/२५
इथे एका मराठी माणसाचे स्मरण आवश्यक आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर: कोकणातल्या वेळणेश्वरचे, संस्कृत कवी आणि नाटककार, आणि टपाल खात्यातले उच्चाधिकारी. भारतीय टपालापुढे तेव्हा नेमका हाच प्रश्न होता. अनेक भाषा, अनेक लिप्या, एकाच नावाची अनेक गावे, अपुरे पत्ते. पत्रे छाटणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक लिपी कशी यावी? वेलणकरांचे उत्तर १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर लागू झाले: सहा अंकी पिन कोड.

१८/२५
त्या उत्तरातली दृष्टी पाहण्याजोगी आहे. पहिला अंक विभागाचा; महाराष्ट्र ‘४’ मध्ये. पहिले तीन अंक मिळून छाटणीचा जिल्हा, कोल्हापूरसाठी ‘४१६’. उरलेले तीन टपाल कार्यालयाचे. पत्राला वाट दाखवण्याचे काम अंकांनी करायचे. वर ‘बी वॉर्ड, मंगळवार पेठ, मिरजकर तिकटीजवळ’ हे मराठीतच राहिले तरी पत्र दिल्लीहूनही नीट येते. शेवटी ते मराठी जाणणाऱ्या पोस्टमनच्या हाती पडते, आणि तो ‘ळ’ वाचतो.

१९/२५
वेलणकरांनी पत्त्याला आकडा जोडला; पत्त्याची भाषा काढून घेतली नाही. नागरिकाने यंत्राच्या सोयीसाठी लिपी बदलावी, असे १९७२ च्या सरकारी टपाल खात्याला वाटले नाही. त्या खात्याकडे संगणक नव्हते, मनुष्यबळ अपुरे होते, तरीही त्याने बहुभाषिकता हे वास्तव मानून व्यवस्था रचली. आजच्या सर्व्हरकडे अब्जावधी आकडेमोडींची क्षमता आहे आणि त्यांचे चालक नागरिकालाच सांगतात की लिपी बदला. दोहोंत मागासलेले कोण, हे वाचकांनी ठरवावे.

२०/२५
‘नाही वापरली ही सोय, तर काय बिघडले?’ असे विचारणाऱ्यांनी मोडीकडे पाहावे. मोडीचे छापील खिळे नव्हते असे नाही. विल्यम केरी याचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपुरात मोडी खिळ्यांत छापला गेला. तरीही छपाई, शाळा आणि कचेऱ्या हळूहळू बाळबोधीकडे वळल्या. आज कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातले मोडी रुमाल उघडले तर वाचणारे मोजके. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली जून २०१४ मध्ये, ‘डॉट भारत’च्या दोन महिने आधी. व्यवहारातून उठलेल्या लिपीला मागाहून मिळालेला क्रमांक तिचे वाचक परत आणत नाही.

२१/२५
आता आक्षेप. पहिला: परदेशातला माणूस देवनागरी पत्ता कसा टंकणार? उत्तर सोपे आहे. एकाच टपालपेटीला दोन पत्ते असू शकतात, एक देवनागरी आणि एक रोमन. सर्व्हरमध्ये ही एका ओळीची नोंद असते. पिन कोडचीच ही रीत: आपले नाव आपल्या लिपीत, शेजारी परक्यासाठी खूण. दुसरा आक्षेप फसवणुकीचा: सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी खोटे पत्ते बनतील. ते रोमनमध्येही बनतात. लहान ‘एल’ आणि अंक ‘१’ यांच्या रोमन रूपांत कित्येकदा फरक दिसत नाही. उपाय म्हणून एका नावात लिप्या मिसळू न देण्याचे नियम आहेत.

२२/२५
तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मराठीच्या कैवाऱ्यांनी स्वतःहून मांडावयास हवा. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन रीतींनी साठवता येतो: एकदा ‘ऱ’ वापरून, एकदा ‘र’पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला एक, यंत्राला दोन. ‘ॲ’चेही तसेच, त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, पण ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला जुना प्रकार अजून सर्वत्र आहे. २००३ च्या डोमेन नियमांत ते अदृश्य जोडचिन्ह गळून पडत असे आणि ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होई. २०१० च्या नियमांनी त्याला अटींसह जागा दिली.

२३/२५
लांबीचाही प्रश्न आहे. ‘ॲट’च्या डावीकडे कमाल ६४ बाइट चालतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासह, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘मंगळवारपेठ’ ही दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट, बसतात. ‘कोल्हापूरमंगळवारपेठतालीम’ ही चोवीस चिन्हे, ७२ बाइट, बसत नाहीत. तेव्हा नावे आखूड ठेवावी लागतील आणि सारखी दिसणारी दोन रूपे एकाच पेटीत जातील अशी तजवीज सर्व्हरवर करावी लागेल. हे सारे सुटणारे प्रश्न आहेत. पण मराठी जाणणारे अभियंते त्यांवर बसले तरच सुटतील.

२४/२५
याउलट समाजमाध्यमांवर काय चालते? ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा’ ही आरोळी. तिचा उगम रिक ब्रिग्ज याच्या १९८५ च्या एका लेखात आहे. त्याचा विषय ज्ञानाची मांडणी आणि प्राचीन वैयाकरण यांची तुलना हा होता. आरोळी ठोकणाऱ्याचा स्वतःचा पत्ता रोमन असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, आणि अभिनंदनाच्या ई-मेलवरचे पत्तेही रोमनच होते. गौरव फुकट मिळतो. सर्व्हर अद्ययावत करायला कुणाला तरी एक रात्र जागावे लागते.

२५/२५
राजस्थान सरकारने २०१७ साली नागरिकांना ‘राजस्थान.भारत’ या डोमेनवर हिंदी ई-मेल पत्ते देऊ केले. म्हणजे हे एका भारतीय राज्याने करून दाखवलेले आहे. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. तिथली पोरे शाळेत ‘ळ’ गिरवू लागली, त्याला शतक उलटले. मागणी चारच गोष्टींची असावी: सर्व्हरवर ‘एसएमटीपीयूटीएफ८’ चालू करा, वाटेतली प्रत्येक कडी तपासा, अर्जांतली जुनी आज्ञावली काढून टाका, देवनागरी पत्त्याच्या जोडीला रोमन पत्ता द्या. पुढच्या वेळी कोणत्याही कचेरीत ‘संगणकाला चालत नाही’ असे ऐकू आले, तर शांतपणे विचारावे: २०१२ च्या फेब्रुवारीनंतर तुमचा सर्व्हर कोणी उघडून पाहिला आहे काय?